दीड महिना लांडग्याला भाकरी

मी दीड महिना एका लांडग्याला भाकरी घातली. रोज संध्याकाळी, स्वतःच्या हातानं. वर "ये रे, ये" म्हणून बोलवायचेही. हे मी आमच्या भजनाच्या बायकांना सांगितलं, तर निम्म्या हसल्या आणि निम्म्यांना वाटलं, मी थापा मारते. एकीनं तर विचारलं, "आणि कालवण नाही मागितलं त्यानं?" मागितलं असतं तर तेही वाढलं असतं, बाई. मला कुठं ठाऊक होतं तो लांडगा आहे म्हणून!

नीट सांगते. आमच्या ह्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली आणि माझा सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये. तव्यावरची शेवटची भाकरी कुत्र्याची, हे माझ्या आईनं लावलेलं वळण. कॉलनीतल्या कुत्र्यांना माझं दार पाठ होतं. साहेबाच्या बंगल्यातलं बिस्किट खाणारं कुत्रंसुद्धा साखळी तोडून माझ्या पायरीशी यायचं. मला त्याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

हे रिटायर झाले आणि म्हणाले, आता मळ्यात राहू. मळा म्हणजे सिन्नरच्या पूर्वेला, माळाला लागून असलेलं आमचं रान. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापुढं कडुनिंब, थोड्या अंतरावर धुण्याचा दगड, त्याच्या पलीकडं बांध आणि बांधापलीकडं नुसता माळ. मुलगा-सून नाशिकला फ्लॅटमध्ये. आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत इथं. हवा छान, पाणी बरं, पण एक कुत्रं म्हणून नाही हो! शेजारणींची जितकी आठवण आली नाही तितकी मला त्या कुत्र्यांची आली. भाकरी उरायची आणि मी ती कुस्करून चिमण्यांना घालायची. चिमण्या काय, खातात आणि उडून जातात. तोंडाकडं बघत बसायला कुत्रंच लागतं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही मला अगदीच वेडी समजाल. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरनी ऑपरेशन सांगितलं होतं. पण आमच्या घरात सगळंच कांदे काढून झाल्यावर होतं. लग्नं, बारशी, दाढदुखी, सगळं. तसंच डोळ्यांचंही ठरलं, कांदे निघाले की करू.

तर एका संध्याकाळी बांधावर काहीतरी उभं दिसलं. मातकट रंगाचं, उंच पायांचं.

"अहो, कुत्रं आलंय बांधावर."

"कुणाचं?" ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"कुणाचं का असेना, उपाशी आहे बिचारं."

मी भाकरी ताकात कालवली आणि बांधाजवळ ठेवून आले. ते लांब पळालं. मी ओट्यावर येऊन बसले, मग आलं, खाल्लं, गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला हजर. आमच्याकडे रविवारी मटण असतं, त्या दिवशी रश्शातली भाकरी आणि वर हाडकं. सोमवारी तर ते दिवस कलायच्या आधीच येऊन थांबलं होतं. मग मी थाळी रोज थोडी अलीकडं ठेवायला लागले. बांधावरून बाभळीपाशी, बाभळीपासून धुण्याच्या दगडाशी. महिनाभरात ते दगडाशी येऊन, मी ओट्यावर बसलेली असताना, माझ्या देखत खायला लागलं. मला वाटलं, जिंकलं आपण.

ह्यांनी एकदा माझ्या पाठीमागून, दारातून डोकावून पाहिलं. "तुझं कुत्रं भुंकत नाही गं."

"गरीब आहे."

"शेपूट पण हलवत नाही."

"अहो, सगळ्यांनाच जमतं का तोंडदेखलं गोड वागायला? तुम्ही तरी माझ्या माहेरी कधी हसलात?"

ह्यांनी पेपर उघडला. माझ्या माहेरचा विषय निघाला की हे पेपरच उघडतात.

चैत्र सरता सरता कांदे निघाले. थोडे विंचूरच्या मार्केटला गेले, थोडे साठवायला कांदाचाळीत भरले, आणि रान मोकळं झालं. रान मोकळं झालं की आमच्याकडं मेंढ्या बसवतात. धनगर आपला कळप घेऊन येतात, काही दिवस रानात मुक्काम करतात आणि मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं. ह्यांनी एका वाड्याला सांगून ठेवलं होतं. वाडा म्हणजे त्यांचा सगळा फिरता संसार. घोड्यावर भांडीकुंडी, भांड्यांवर बांधलेल्या कोंबड्या, तीन कुत्री, म्हातारा सासरा, मुलगा, सून, आणि सुनेच्या पाठीला पाच महिन्यांची मुलगी.

ती सून माझी पहिल्याच दिवशी मैत्रीण झाली. पंचविशीची असेल. बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. बाळाची झोळी तिनं आमच्याच कडुनिंबाला बांधली, कारण सगळ्या रानात सावली म्हणावी तर तेवढीच. मी म्हटलं, बांध की, मलाही झोका द्यायला मिळेल. दिवसभर ते लेकरू ओट्यापुढं झुलायचं आणि मी शेंगा फोडत एका हातानं दोरी ओढायची. इतकं गुटगुटीत की मांडीला वळ्या होत्या.

त्यांची कुत्री कळपाबरोबर माळावर जायची आणि दिवेलागणीला परतायची. त्याच्या आधीची वेळ माझ्या पाहुण्याची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती पोरगी झोळी सोडायला आली, तेव्हा मी थाळी घेऊन दगडाकडं निघाले होते.

"आजी, हे कुनाला?"

"आमचं एक कुत्रं आहे. येईल बघ आता."

आणि आलंच ते. बांध उतरून सरळ दगडाकडं. तिला बघून जरा थबकलं, पण गेलं नाही.

त्या पोरीनं झोळीतलं लेकरू आधी उचलून छातीशी धरलं. मग खाली वाकून ढेकूळ घेतलं आणि अशी काही आरोळी ठोकली की आमचे हे आतून कढईसकट बाहेर आले. पेपराऐवजी कढई का हातात होती, ते मला आजवर कळलेलं नाही. तो मातकट प्राणी वळला आणि बांधावर जाऊन उभा राहिला. तिथून आमच्याकडं बघत.

"आजी, त्यो लांडगा हाय."

मला हसूच आलं. "काहीतरीच! लांडगा भाकरी खातो का?"

"तुमच्या हातची खाल्ली की. हिकडं या."

तिनं मला हाताला धरून बांधाकडं नेलं. धुळीत पाऊल दाखवलं. मला नीट दिसेना, तर माझं बोट धरून कडेनं फिरवलं. "कुत्रं वाकडंतिकडं चालतं, हुंगत. ह्यो सरळ रेघेत येतो, जसं काय सुतानं आखलंय. आन् शेपूट बघा, कवा वर नाय करत. आन् भुकलाय का कवा?"

मी म्हटलं, "गरीब आहे म्हणून..." आणि त्या पावलावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

आता मला वाटलं, ती म्हणेल, आमच्या मेंढ्या खाईल, मारून टाका. तसं काही बोलली नाही. आरोळी ऐकून आलेला तिचा सासरा तर हात जोडून बांधाकडं बघत होता. म्हणाला, "त्याचा वाटा असतो बाई आमच्यात. वर्साला एखादं कोकरू नेतो, आमी त्याला शिवी देत नाय. त्यो हाय म्हनून माळ हाय."

सून मात्र तापलेली होती. रागात तिच्या "तुमी"चं "तू" झालं. "आमच्यातलं कोकरू नेतो ना आजी, तर घाबरत नेतो. लपत येतो, पळत जातो. त्याला मानसाचं भ्या हाय, म्हनून माझी पोर उघड्या रानात झोपती. तू त्याचं भ्या घालवलं. तू त्याला दगडापातुर आनला. दगडापासून माझ्या झोळीला किती पावलं हायती, मोज."

मोजायची गरज नव्हती. मीच रोज थाळी पुढं सरकवत आणली होती, मला पाऊल आणि पाऊल ठाऊक होतं.

तिच्या आजेसासूच्या वेळची एक गोष्ट त्या म्हाताऱ्यानं सांगितली. कुठल्याशा माळावर, दुष्काळात, वाड्यातलं रांगतं पोर लांडग्यानं नेलं होतं. त्यानं दोनच वाक्यांत सांगितलं आणि चिलीम काढली.

हे म्हणाले, "मग वाडा पलीकडच्या रानात हलवा." तर ती म्हणाली, "त्याला काय लांब हाय का? रातीतून कोसच्या कोस चालतो. पोर जिथं जाईल तिथं माझ्या जिवाला घोर." आणि गावात कळलं तर कुणीतरी मेलेल्या करडाला विष लावून माळावर टाकणार, आणि ते आधी खाणार तिची कुत्री. तेही तिनंच सांगितलं. मग मी म्हटलं, घोळ माझा आहे, मीच निस्तरते. आठ दिवस दे. कशी निस्तरणार ते मला तरी कुठं ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फोन करून फॉरेस्टचा माणूस बोलावला. मोटरसायकलवर आला, लहानच होता, मिशी नुकती कोरलेली. मला वाटलं, रागावेल. त्यानं माझ्याकडं बघितलं, थाळीकडं बघितलं, आणि म्हणाला, "मावशी, बिबट्याला दूध घालणारे पाहिलेत मी, पण हे पहिल्यांदाच." मग मात्र नीट बसून समजावलं. लांडगा माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण खायला मिळायला लागलं की माणूस आणि खाणं त्याच्या डोक्यात एक होतं. भाकरी आजपासून बंद. हाडकं पुरायची. लेकराला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही, मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे. समोर आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, दगड मारायचे, आणि तोंड त्याच्याकडं ठेवून मागं मागं सरकायचं. "आणि चावलाच कुणाला," म्हणाला, "तर हळद-चुना लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट दवाखाना. इंजेक्शनं चुकवायची नाहीत."

मग त्यानं आमच्याकडून तालीमच करून घेतली. तो स्वतः लांडगा झाला. आमचे हे हात वर करून "हाऽऽड, हाऽऽड" करत मागं मागं सरकत गेले ते सरळ कांद्याच्या पातीच्या ढिगात बसले. ती सून इतकी हसली की तिचा पदर तोंडात गेला. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती. मला जरा हायसं वाटलं.

जाता जाता त्यानं नाल्याकडं चक्कर मारली आणि नाक दाबून परत आला. पलीकडच्या शेतकऱ्याची पोल्ट्री आहे, त्याच्या मेलेल्या कोंबड्या नाल्यात टाकलेल्या. म्हणजे माझ्या पाहुण्याला जेवण तिकडंही होतंच, माझी भाकरी म्हणजे नुसती चव पालटायला! हे त्या शेतकऱ्याकडं गेले, तासभर बसले, तीन कप चहा प्याले आणि खड्डा खणून कोंबड्या पुरायचं कबूल करून घेऊन आले.

आता माझी परीक्षा. मी भाकऱ्या मोजून करायला लागले, शेवटची उरूच नये म्हणून. तरी पहिल्या संध्याकाळी तो आला. दगडाशी थाळी नाही. दगड हुंगला, इकडं बघितलं, आणि बसला. कुत्री परतल्यावरच गेला. हे त्याला हाकलायला थाळी वाजवत होते. मी घरात होते. खरं सांगू, मला बघवेना. लांडगा असो नाहीतर कुणी असो, रोज जेवायला येणारा पुढ्यात बसलाय आणि आपण दार लावून आत! माझ्या हाताला ते वळणच नाही.

तिसऱ्या दिवशी तो संध्याकाळची वाट न बघता आला. चार वाजले असतील, चांगलं लख्ख ऊन. हे सिन्नरला गेलेले. सून विहिरीवर पाणी भरत होती, कळप माळावर. लेकरू झोळीत आणि मी झोळीशी, दोरी हातात. मला आधी काही दिसलंच नाही. लेकराचा पाय झोळीबाहेर आला होता तो मी आत घालत होते. मान वर केली, तर तो दगडाच्या अलीकडं उभा. जिथं थाळी कधीच ठेवली नव्हती तिथं. झोळीच्या आणि त्याच्या मध्ये फक्त मी.

फॉरेस्टवाल्यानं सांगितलेलं सगळं आठवलं, पण तोंडातून आवाज फुटेना. कसा फुटणार? त्याला बघून माझ्या तोंडाला एकच सवय, "ये रे, ये." तो माझ्याकडं बघत होता. मला नीट दिसत नव्हतं तरी कळत होतं, तो झोळीकडं नाही, माझ्याकडंच बघतोय. हाताकडं. मग लेकरू झोळीत हुंकारलं आणि त्याचे कान तिकडं वळले.

तेवढं मला दिसलं. मोतीबिंदूतून सुद्धा दिसलं.

मी दोन्ही हातांनी पदर डोक्यावर छत्रीसारखा धरला आणि जे तोंडात आलं ते सुरू केलं. आता माझ्याजवळ रागवायचं म्हणून जे काही आहे, ते सगळं मी संसारात गोळा केलेलं. "लाज नाही वाटत? वेळ ना काळ, उठलं की आपलं पानावर येऊन बसायचं? मी काय तुझी मोलकरीण आहे? चालता हो! पुन्हा ह्या दारात पाऊल टाकलंस तर बघ!" आणि एक पायातली चप्पल फेकली. ती भलतीकडं गेली. तो दोन पावलं मागं सरला, पण गेला नाही. त्याला वाटलं असेल, म्हातारी वेड्यासारखं करतेय, निवेल.

झोळीखाली ती सून दगड ठेवून गेली होती, रोजच ठेवायची. मी एक उचलला. मी आयुष्यात कुत्र्याला दगड मारलेला नाही, हो. कॉलनीत पोरांनी मारला तर मी पोरांना मारायचे. नेम कसला, डोळे कसले! पण तो लागला. बरगडीवर थपकन आवाज आला. तो कळवळून उडाला आणि बांधापर्यंत पळाला. तिथं थांबून वळला. बघितलं माझ्याकडं.

मी दुसरा दगड उचलला. तोही फेकला. रडत होते की ओरडत होते ते सांगता येत नाही.

तोवर ती विहिरीवरून घागर टाकून धावत आली होती. तिनं लेकरू उचललं. लेकरू रडत होतं, ते लांडग्यामुळं नाही, माझ्या आवाजानं. तिनं बांधाकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मग माझ्याजवळ बसली आणि माझ्या हातातला तिसरा दगड हळूच काढून घेतला. "बास आजी. ग्येला."

"लागला गं त्याला."

"लागू दे. त्याच्याच भल्याचं हाय."

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, काय काय बोलले तेही. हे म्हणाले, "मी इतकी वर्षं हेच ऐकतोय. त्यानं एकदा ऐकलं आणि पळाला. हुशार आहे."

त्यानंतर तो दोनदा दिसला, बांधाच्या पुष्कळ पलीकडं. थाळी वाजली की वळून माळाकडं जायचा. मग एका सकाळी ती सून मला नाल्यापर्यंत घेऊन गेली. पुन्हा माझं बोट धुळीत धरून फिरवलं. पावलांची सरळ रेघ नाल्याच्या कडेनं माळाकडं गेलेली. "बघ, आपल्याकडं वळला बी नाय," म्हणाली. झोळी तिनं शेवटपर्यंत आमच्याच कडुनिंबाला ठेवली. दोरी मी ओढायची, उठायचं झालं तर आधी तिला हाक मारायची. वाडा उठला त्या दिवशी तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि घोड्यावर कोंबड्या बांधून होईपर्यंत परत मागितलं नाही.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर झालं. कांदे काढून झाल्यावर म्हणता म्हणता पुढचे लावायची वेळ आली होती. हिवाळ्यात एका सकाळी बांधावर उभी होते. इतकं स्वच्छ दिसत होतं की लांबवर एकलहऱ्याची धुराडीही मी ह्यांना दाखवली. हे म्हणाले, इथून दिसत नाहीत, ते ढग आहेत. असू दे.

आणि तेव्हा माळावर तो दिसला. तोच होता की दुसरा, कसं सांगू? पण पहिल्यांदाच मी त्याला नीट बघितला. काय देखणा हो! लांब पाय, पिवळे डोळे, अंगावरून ऊन सरकत होतं. ह्याला मी कुत्रं म्हणत होते! माझा हात आपोआप वर गेला, सवयीचा, बोलावायचा हात.

त्यानं तो हात बघितला आणि शेपूट पायांत घालून असा पळाला, असा पळाला की धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. मग आठवलं, आता काही महिन्यांत कांदे निघतील, वाडा येईल, आणि ते लेकरू ह्या वर्षी रांगत नसणार, पळत असणार. मी वर केलेला हात तसाच ठेवला, खाली वाकून दुसऱ्या हातानं एक ढेकूळ घेतलं, आणि तो गेला होता त्या दिशेनं फेकलं. उगीच, त्याच्या लक्षात राहावं म्हणून.